दोन जावांचा कान

माझ्या आईचा आणि काकूचा कान सरकारमान्य आहे. चेष्टा नाही. स्वरमापकासोबत जी माहितीपुस्तिका येते, तिच्या पहिल्याच पानावर दोघींची नावं छापली आहेत. शैलजा आवटी आणि रत्नप्रभा आवटी, सांगली. मानक श्रोत्या. आईने ते पान फ्रेम करून हॉलमध्ये टीव्हीच्या वर लावलंय, आणि आलेल्या पाहुण्याने त्याकडे मान वर करून बघितलं नाही तर त्याचा चहा जरा उशिरा येतो.

मी केतकी, शैलजाबाईंची एकुलती एक लेक. मी त्याच स्वरमापकापुढे रोज माणसं बसवते आणि त्याचाच पगार घेते. म्हणजे दिवसभर ऑफिसात आईचा कान आणि संध्याकाळी घरी अख्खी आई. सुटका म्हणून नाही.

स्वरमापक आता तालुक्यातालुक्यात पोचलाय, पण त्याच्या पोटात काय असतं हे फार थोड्यांना माहीत असतं. माणसाने खुर्चीत बसायचं, समोरच्या माइकशी तीन मिनिटं बोलायचं. कशावरही बोला. जेवण काय केलं होतं ते सांगा, शेजाऱ्याला शिव्या घाला, चालतं. कारण मापक शब्द ऐकतच नाही. शब्दांत माणूस लपवाछपवी करतो, आवाजात करता येत नाही, असं ते बनवणाऱ्यांचं म्हणणं. मापक बघतो तो आवाजाचा चढउतार. दोन शब्दांच्या मध्ये किती थांबला, वाक्याच्या शेवटी आवाज खाली पडला का, श्वास कुठे तुटला. मग पडद्यावर शून्य ते दहा असा एक आकडा येतो. खिन्नतेचा आकडा. सहा किंवा वर आला तर सरळ भरती आणि उपचार. डोक्याला चुंबकीय लहरी देतात, रोज वीस मिनिटं, दीड महिना, सगळं फुकट. सहाच्या खाली आला तर एक पत्रक हातात, आणि या आता.

निष्ठुर वाटतं ऐकायला. पण त्याआधी काय होतं तेही सांगते. अख्ख्या जिल्ह्यात मनाचे डॉक्टर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. नंबर लागेपर्यंत माणूस एकतर आपणहून बरा व्हायचा, नाहीतर जायचा. मापक आला आणि कोपऱ्यात गप्प बसणाऱ्या, कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या पोरी तीन मिनिटांत भरती व्हायला लागल्या. मी डोळ्यांनी बघितलंय. त्यामुळे मापकाला कुणी नावं ठेवली की मीच आधी भांडायची.

तर, मशीनला दुःख कळत नाही, ते कुणीतरी शिकवावं लागतं. पुण्याच्या एका संस्थेकडे मदतवाहिनीवर आलेल्या हजारो फोनचे आवाज होते. प्रत्येक आवाजाला कुणीतरी आकडा द्यायला हवा होता. पहिल्यांदा डॉक्टर बसवले. एकाच आवाजाला एक डॉक्टर चार द्यायचे, दुसरे आठ. मग मशीनने शिकायचं कुणाचं? संस्थेने साध्या माणसांना जोडीजोडीने बोलावलं. तेव्हा मी बारावीत होते. आमच्या घरून आई आणि काकू गेल्या, कारण नाश्ता मिळणार होता आणि घरातून दिवसभर बाहेर पडायला मिळणार होतं.

दोघींना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं. खूण नाही, इशारा नाही. आकडे बाहेर आले ते जुळलेले. एकीने सात म्हटलं की दुसरीचे सात, फार तर साडेसहा. संस्थेला वाटलं बायका लबाडी करताहेत. खोल्या बदलल्या, दिवस बदलले, आवाजांचा क्रम उलटा केला. तरी तेच. मग मात्र त्यांच्या आनंदाला भरतं आलं. बाकीच्या जोड्यांना शाल-नारळ देऊन घरी पाठवलं आणि मशीनला या दोन जावांचेच आकडे शिकवले.

एवढे का जुळले, हे कुणी विचारलं नाही. जुळले होते ना, मग झालं.

काका गेल्यापासून काकू, म्हणजे आईच्या अक्का, एकटीच राहते, आमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर. एकत्र घर मोडलं तेव्हा काकांनी आणि बाबांनी मुद्दाम एकाच ठिकाणी फ्लॅट घेतले होते. काकूच्या तोंडाचा पट्टा कायम सुरू. दूधवाला, लिफ्टवाला, गच्चीवर वाळत घातलेल्या कुणाच्या तरी चादरी, सगळ्यांना ती सकाळी एकदा झापते. मला तर लहानपणापासून रोज. आणि माझा तिच्यावर जीव आहे, आईपेक्षा काकणभर जास्तच.

एका रविवारी मी उसळीचा डबा घेऊन खाली गेले, तर फ्रिजमध्ये आधीचे तीन डबे तसेच. ब्लाउजच्या बाह्या दंडावर लोंबत होत्या. ओट्यावर रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटं, एकही फोडलेलं नाही.

"काकू, जेवत का नाहीस?"

"तू काय माझी सासू? आली मोठी विचारणारी! तो डबा खाली ठेव आधी, सांडशील लादीवर. आणि हे घे." तिने हातातल्या पाटल्या काढून माझ्या हातात कोंबल्या. "जड होतात मला. घाल नाहीतर मोड. मला काय करायच्यात आता?"

हे सगळं त्याच आवाजात. जिन्यातून कुणी ऐकलं असतं तर म्हणालं असतं, काकू आज फॉर्मात आहे.

मला बाई धडकी भरली. दुसऱ्या दिवशी रिक्षात घालून मी तिला आमच्या मापक केंद्रावर नेली.

खुर्चीत बसली ती ओरडतच. "हा पंखा कुणी लावलाय असा? वारा भिंतीला, घाम माणसाला! आणि माइक पुसत जा की गं, किती जण थुंकले असतील यावर. काय बोलू? सकाळी जाग येते. येते म्हणून येते. कुणी उठवायला नाही, कुणासाठी उठायचं नाही. मग उठायचं कशाला? आणि या केतकीचे केस बघा, ऑफिसला येतात का असं पिंजारून?"

मापकाने आकडा दाखवला. दोन.

मी आमच्या प्रमुखांकडे, डॉक्टर मुजावरांकडे गेले. सज्जन माणूस, पण नियमाबाहेर पाऊल टाकायचं म्हटलं की त्यांना घाम फुटतो. गेल्या वर्षी आकडा डावलून कुणाला तरी भरती केलं म्हणून वरून त्यांची पुरती चंपी झाली होती. ते म्हणाले, "पंधरा दिवसांनी परत घ्या." घेतली. दोन. मिरजेच्या केंद्रातल्या मशीनवर घेतली. दोन.

"केतकी, आता मी काय करू सांगा? तीनदा मोजलं, दोन मशीन वापरली, आकडा तसूभर हलला नाही. याहून विश्वसनीय काय असतं?"

आणि इथेच माझी सटकली. विश्वसनीयता म्हणजे काय हे मीच नव्या मुलांना शिकवते. पुन्हा पुन्हा मोजलं तरी तेच उत्तर आलं की साधन विश्वसनीय. पण त्याच्या शेजारी दुसरा एक शब्द असतो, सप्रमाणता. आपल्याला जे मोजायचंय तेच आपण मोजतोय का, असा त्याचा अर्थ. समजा उंची मोजायला तुम्ही माणसांना वजनकाट्यावर उभं केलंत. काटा उत्तम आहे, शंभरदा उभं करा, तेच वजन. शिवाय उंच माणसं बहुतेक जास्त वजनाची असतात, त्यामुळे दहातल्या सात-आठ जणांच्या बाबतीत तुमचा अंदाज खराही ठरेल. तुम्ही खूश. आणि मग एक उंच, काटकुळी बाई येईल आणि काटा तिला बुटकी म्हणेल. आज म्हणेल, उद्याही म्हणेल, मिरजेतही म्हणेल.

हे सगळं मी डॉक्टरांना ऐकवलं. ते म्हणाले, "पटतंय. पण काटा चुकलाय हे कशावरून? तुमची काकू आहे म्हणून तुम्हाला तसं वाटत असेल."

 घरी आले ती धुमसतच.

"आई, काकूला बरं नाही."

आई मेथी निवडत होती. "किती आला?"

"दोन."

"मग?"

"मग काय मग? ती जेवत नाही, गोळ्या घेत नाही, पाटल्या काढून दिल्या मला!"

"अगं, आज सकाळी दूधवाल्याला कसल्या झापत होत्या अक्का! चारही मजल्यांना ऐकू गेलं. असं भांडायला अंगात जीव लागतो. हं, अक्का गप्प झाल्या तर मला सांग. तेव्हा मी अनवाणी धावत जाईन. आणि आकडा दोन आला म्हणतेस ना? तो माझा कान आहे, केतकी. अक्कांचा आणि माझा. आम्हाला कळत नाही आणि तुला कळतं होय?"

"आवाज सोड, ती काय बोलते ते तरी ऐक."

"बोलण्यावर कोण जातं? सुनंदासुद्धा 'काही नाही' म्हणायची."

सुनंदाचं नाव घरात सहसा निघत नाही. ती सगळ्यांत धाकटी जाऊ. मी तीन वर्षांची असताना ती गेली, मला तिचा चेहरासुद्धा आठवत नाही. महिनाभर ती बोलत नव्हती. बारा माणसांचं घर, कुणाच्या लक्षात आलं नाही. कुणी विचारलंच तर 'काही नाही'. आणि एका सकाळी तिने स्वतःहून जीव दिला. तेव्हापासून आई आणि काकूने कानाला एक सवयच लावून घेतली. स्वयंपाकघरात भांडी आपटताहेत, कुणीतरी कुणावर तरी ओरडतंय, म्हणजे सगळं ठीक. एखादीचा आवाज खाली गेला की दुसरी हातातलं पीठ तसंच टाकून तिच्याकडे जायची. मुलांना, सुनांना, मोलकरणीला, सगळ्यांना दोघी अशाच ऐकायच्या. या सवयीने घरातली दोन-तीन माणसं वाचली आहेत, हेही खरं.

आईच्या तोंडून सुनंदाचं नाव ऐकलं. आकडे का जुळले ते मला तेव्हा कळलं. दोघी वेगवेगळ्या खोल्यांत बसून प्रत्येक आवाजात सुनंदाला शोधत होत्या. गप्प झालेल्या बाईला त्यांनी आठ दिले, नऊ दिले. ओरडणाऱ्या बाईला डोळे झाकून दोन. मशीन तेच शिकलं. जिल्ह्याजिल्ह्यात ते सुनंदाला शोधत फिरतंय आणि तिच्यासारख्या सगळ्या जणी त्याला सापडताहेत. काकूसारखी त्याला दिसतच नाही.

कळलं खरं, पण कळून काय उपयोग? सिद्ध करायला महिने जातात. काकूकडे तेवढे महिने होते का? मग मी जवळची वाट धरली. मापकाला फसवणं मला सहज जमतं, त्याच्या नाड्या माझ्या हातात आहेत. खाली जाऊन काकूपुढे बसले.

"काकू, या वेळी मशीनपुढे जरा हळू बोल. प्रत्येक वाक्यानंतर थोडी थांब. शेवटचा शब्द खाली सोड. बास, एवढंच कर. भरती होशील."

 काकूचा पारा चढला. "म्हणजे नाटक करू? त्या पुस्तकात माझं नाव आहे. माझ्या कानाला मीच फसवू? उठ! उठ इथून! आणि मला काहीही झालेलं नाही, दोन आलाय. जीवात जीव नाही म्हणून काय झालं, दोन आलाय ना?"

ती हेही ओरडून म्हणाली. मी जिन्यात येऊन रडले.

राहिला तो सरळ, लांबचा रस्ता. दरवर्षी एकदा मानक श्रोत्यांना केंद्रावर बोलावून काही आवाज ऐकवायचे आणि त्यांचे आकडे मापकाशी अजून जुळतात का ते बघायचं, असा नियम आहे. काकूने गुडघ्यांचं निमित्त काढून येणं टाळलं. आई मात्र रेशमी साडी नेसून, गजरा माळून आली. ही तपासणी म्हणजे तिचा सण.

डॉक्टर मुजावरांची परवानगी घेऊन या वर्षीचे आवाज मी निवडले होते. मापकाने ज्यांना तीन किंवा कमी दिले आणि ज्यांचं पुढे काय झालं हे आमच्या नोंदीत आहे, अशा बायका. सगळ्यांचे आवाज बदलून घेतले होते आणि बोलण्यातली नावं पुसली होती, म्हणजे चढउतार आणि थांबे तेच, पण बोलणारी ओळखू येणार नाही. शेवटी काकूचा आवाज लावला होता.

आईने हेडफोन चढवले, डोळे मिटले.

"दोन," ती म्हणाली. "नवऱ्याला शिव्या घालतेय. ठणठणीत आहे."

पुढचा. "एक. ही तर पार हसवते बाई."

पुढचा. "तीन. जरा दमलीय, बाकी काही नाही. सुनेशी वाजलं असणार."

मग काकूचा. आई ऐकता ऐकता हसली. "दोन. काय तोंड सोडलंय! ही आमच्या घरातली शोभली असती."

डॉक्टर मुजावरांनी पडदा बघितला. "वा. मापकाशी तंतोतंत जुळले. दरवर्षीप्रमाणे."

आईने ऐटीत गजरा नीट केला. मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. सांगायलाच हवं होतं.

"आई, ती नवऱ्याला शिव्या घालणारी. इथून घरी गेली आणि चार महिन्यांनी तिला अतिदक्षता विभागात आणली. वाचली. ती हसवणारी वाचली नाही. आणि जिचं सुनेशी वाजलं असणार, तिला सुनेनेच वेळेवर बघितलं म्हणून ती आज आहे."

आईचा चेहरा उतरला. डॉक्टरांनी माझ्या हातातून नोंदी घेतल्या आणि उभ्यानेच वाचायला लागले.

"आणि शेवटची?" आईने विचारलं.

"शेवटची अजून आहे, आई. आपल्या खालच्या मजल्यावर राहते."

आईने काढलेले हेडफोन पुन्हा चढवले. मग म्हणाली, "परत लाव."

या वेळी मी आवाज बदलला नाही. पंखा, वारा, माइक, मग 'कुणासाठी उठायचं नाही, मग उठायचं कशाला', मग माझे केस. आईने हात वर केला. "तेवढंच परत लाव." मी लावलं. तिने तेवढंच चार-पाच वेळा ऐकलं.

"हे अक्का म्हणाल्या?"

"तिन्ही वेळा म्हणाली. शब्द जरा इकडेतिकडे."

"आणि मी दोन म्हणाले." तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "हसलेसुद्धा."

मला तिची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदमच. मी तिला पाणी दिलं. ती न पिताच उठली, चपला घातल्या आणि चालायला लागली. मी पर्स घेऊन मागे धावले.

काकूने दार उघडलं. "शैला? आत्ता? आणि हे रेशमी कशाला नेसलीस, लग्न आहे का कुणाचं? डोळ्यांना काय झालं?"

आई तिथेच, उंबऱ्यात उभी राहिली. "अक्का, सकाळी उठायचं कशाला, असं म्हणालात तुम्ही?"

"कधी? कुणी सांगितलं? या कार्टीने? डोकं फिरलंय हिचं. आत ये, दार उघडं टाकून काय उभी राहिलीस? डास येतात."

"अक्का, म्हणालात का?"

"म्हणाले! काय करणार आहेस?" काकूचा आवाज जिन्यात घुमला. वरचं एक दार उघडलं आणि पुन्हा लागलं. "नाही उठावंसं वाटत! जाग आली की वाटतं, आली कशाला ही? डोळे उघडूच नयेत, आता बास झालं सगळं. वर्षभर ओरडून सांगतेय मी. तुलाच पन्नासदा सांगितलंय. तू हसतेस!"

"हो," आई म्हणाली. "हसत होते मी."

काकू अजून काहीतरी बोलणार होती, पण आईने तिचा हात धरला आणि दोघी सोफ्यावर बसल्या. आई ऐकत बसली. काकू बोलत राहिली, तशीच, भाजीवाल्याशी घासाघीस करावी तशा आवाजात. काका गेल्यानंतरचे दिवस, झोप, आमच्या डब्यांची चव न लागणं, आणि गोळ्या का घेत नाही ते.  ते मी इथे सांगत नाही, तो तिचा प्रश्न आहे. त्या दिवसापासून आई खालीच झोपायला जाऊ लागली.

पण भरतीचं काय? मापक दोनच म्हणणार होता. पुस्तिका मला पाठ आहे, तरी पुन्हा चाळली. तिच्यात एक नियम आहे, जो आजवर कुणी वापरलेला नाही. मानक श्रोत्याने माणसाला समोर बसवून ऐकलं आणि आकडा दिला, तर तो मापकाच्या वरचा धरायचा, कारण मापक शिकलाय तोच मुळी त्या कानावर. मात्र दोन आकड्यांत तीनपेक्षा जास्त फरक पडला, तर फेरतपासणी होईपर्यंत राज्यातले सगळे मापक बंद.

डॉक्टर मुजावर खोलीत येरझाऱ्या घालत होते. "केतकी, बंद म्हणजे काय कळतंय ना? आत आहेत त्यांचे उपचार चालू राहतील. पण नवीन माणसांचं काय? तुमच्या त्या गप्प मुली, त्यांना हेच मशीन शोधतं."

"कळतंय."

"मग?"

"मग आपण बोलायचं त्यांच्याशी. तुम्ही, मी, सगळ्यांनी. अर्धा अर्धा तास. पूर्वी डॉक्टर बोलायचेच की."

"रांगा लागतील."

"लागतील," मी म्हणाले. मला भीती वाटत होती. आमच्या रांगेत कुणी मेलं तर तो दोष माझा असणार होता. पण ज्यांना पत्रक देऊन आम्ही घरी पाठवत होतो त्यांची रांग कुणालाच दिसत नव्हती, एवढाच काय तो फरक.

आईने काकूला आणलं. काकू खुर्चीत बसून तीन मिनिटं बोलली, पंख्यापासूनच सुरुवात केली. मापक म्हणाला, दोन. आई समोर बसली होती. या वेळी डोळे उघडे होते तिचे.

"नऊ," ती म्हणाली.

डॉक्टरांनी कपाळ पुसलं. "शैलजाबाई, तुम्ही यांच्या जाऊबाई. वरून विचारतील मला, हा आकडा नात्यापोटी दिला म्हणून. तुम्हाला माहीत होतं समोर कोण आहे ते."

"डॉक्टर, आधीचे हजारो आकडेही मी नात्यापोटीच दिले. घरातली एक पोर गप्प राहून गेली, तिच्यासाठी दिले सगळे. ते तुम्ही मशीनला शिकवलेत. तेव्हा कुणी विचारलं नाही." आईचा आवाज चढला. "आज पहिल्यांदा मी समोरच्या बाईला ऐकून आकडा दिलाय. लिहा नऊ."

डॉक्टर काकूकडे वळले. "नियमाप्रमाणे दुसऱ्या मानक श्रोत्यांचं मतही घ्यावं लागतं. रत्नप्रभाबाई, म्हणजे तुमचंच."

"माझं नका विचारू," काकू म्हणाली. "मी इतकी वर्षं स्वतःला दोनच देत आलेय."

डॉक्टरांनी तेच शब्द दुसऱ्या मताच्या रकान्यात लिहिले. मग त्यांनी नऊचं बटण दाबलं.

पडदा पिवळा झाला, 'फेरतपासणी' असा शब्द आला आणि मापक बंद पडला. पाचच मिनिटांत फोन सुरू झाले. सातारा, धुळे, लातूर. आमच्याकडे माणसं बसलीत, मशीन चालत नाही, काय केलंत तुम्ही? संस्थेच्या बाईंचा फोन आला तेव्हा त्या रडकुंडीला आल्या होत्या. त्यांचं अख्खं आयुष्य त्या मशीनमध्ये गेलंय. "आता आम्ही कुणाचा कान घ्यायचा?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ज्या जोड्या जुळल्या नाहीत म्हणून घरी पाठवल्यात, त्यांना परत बोलवा. एकीने चार म्हटलं आणि दुसरीने आठ, तर का म्हटलं ते दोघींना विचारा. आणि माणसाचं पुढे काय झालं तेही बघा, नुसता आकडा जुळवत बसू नका.  मग त्यांनी आमच्या नोंदी मागितल्या.

रांगा लागल्याच. व्हरांड्यात बाकं टाकली, तीही पुरेनात. अर्धा तास माणसाशी बोलायचं म्हणजे काय असतं हे आम्ही विसरलो होतो. संध्याकाळपर्यंत घसा बसतो. काही माणसं वैतागून निघून गेली, त्यांना मी फोन करकरून परत बोलावते. कुणाच्या बाबतीत माझा अंदाज चुकतही असेल. रोज घरी जाताना मला त्याची धास्ती असते.

काकू वॉर्डात आहे. उपचाराचा तिसरा आठवडा चालू आहे. गुण येतोय की नाही हे इतक्यात सांगता येत नाही, डॉक्टरही सांगत नाहीत. जेवण थोडं वाढलंय. झोप अजून नाही.

आई रोज दुपारी थर्मास घेऊन तिच्यापाशी जाऊन बसते. काल मीही गेले होते. काकू नर्सला उशीवरून फैलावर घेत होती, आवाज पार जिन्यापर्यंत येत होता. शेजारच्या कॉटवरच्या बाईची मुलगी मला हसून म्हणाली, "तुमच्या काकू एकदम बऱ्या झाल्या वाटतं."

आईने स्टूल कॉटला चिकटवून घेतलं. "अक्का, आज कसं वाटतंय?"

"कसं वाटतंय, कसं वाटतंय! रोज तेच विचारते. बरं नाही वाटत अजून!" काकू ओरडली. "नाही वाटत बरं! ऐकू येत नाही का तुला?"

"येतंय, अक्का," आई म्हणाली आणि कपात चहा ओतायला लागली.